कुष्ठरोग : हौद आणि तोटी

हौदाचे गणित आपण सर्वांनीच सोडविलेले असते. एका तोटीने पाणी येते, दुसरीने जाते. हौदात पाणी किती, हे केवळ येणाऱ्या धारेवर ठरत नाही. आलेले पाणी किती वेळ आत राहते यावरही ठरते. हेच गणित कुष्ठरोगाच्या आकड्यांना लावून पाहा.

समजा, एका तालुक्यात दरवर्षी १० नवे रुग्ण सापडतात आणि उपचार १० वर्षे चालतो. दवाखान्याच्या नोंदवहीत सुमारे १०० नावे असतील. उद्या उपचार एका वर्षावर आला, तर नावे उरतील १०. नवा रुग्ण मात्र एकही कमी झालेला नाही!

हे नुसते पाटीवरचे गणित नव्हे. पूर्वी डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागत. १९८१ नंतर अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि सहा महिने ते वर्षभरात रोगी बरा होऊ लागला. ही कामगिरी खरोखरच मोठी. परंतु १९९१ साली जगाने ठरविलेले उद्दिष्ट होते दहा हजारांमागे एकाहून कमी नोंदलेले रुग्ण. डिसेंबर २००५ मध्ये भारताने ते गाठले आणि ‘निर्मूलन’ झाले असे म्हटले गेले. मूळच उपटले, असा या शब्दाचा अर्थ! पुढे घरोघरचा शोध मंदावला. २०१६ साली मोहीम काढून तो पुन्हा घेतला, तेव्हा हजारो रुग्ण नव्याने सापडले. आजही देशात दरवर्षी सुमारे लाखभर नवे रुग्ण आढळतात. जगातील निम्म्याहून अधिक.

मी पदार्थविज्ञान शिकवितो, वैद्यक नव्हे. तरी माझे मत असे, की पातळीपेक्षा तोटीकडे पाहावे आणि त्यातही मुलांमधील नवे रुग्ण मोजावेत. हा जंतू फार सावकाश वाढतो. लागण झाल्यावर लक्षणे दिसण्यास सरासरी पाच वर्षे, कधी वीसही लागतात. साठीच्या माणसाची लागण केव्हाची, कोण सांगणार? आठ वर्षांच्या मुलाच्या अंगावरील चट्टा मात्र गेल्या आठ वर्षांत संसर्ग चालू होता, याची साक्षच देतो.

अडचण एवढीच, की हा चट्टा दुखत नाही, खाजतही नाही. सुगीच्या दिवसांत त्यासाठी मजुरी बुडवून दवाखान्यात कोण जाईल? शाळेत मात्र तो नजरेस पडू शकतो. फिकट किंवा तांबूस डाग, त्यावर कापूस फिरविला तरी न कळणारा. असे दिसल्यास शिक्षकांनी मुलाला वर्गासमोर उभे न करता पालकांशी बोलावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. औषध तेथे मोफत मिळते.