मोहाच्या दिवसांतली सभा

मार्च सरत आला होता. सिंदेवाही तालुक्यातल्या एका शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची सभा बघायला गेलो होतो. वेळ अकराची. सतरंजी अंथरलेली, फळ्यावर विषय लिहिलेले आणि पालक एकही नाही. साडेबाराला एक आई आली, कडेवर मोहफुलांची टोपली. "मोहा पडून रायला गुरुजी, वेचाचा सोडून कसी येऊ?" शाईच्या पॅडवर अंगठा दाबून तिने रजिस्टरात उमटवला आणि बोट लुगड्याला पुसत ती निघून गेली. संध्याकाळपर्यंत असेच अंगठे जमले. कोरम पूर्ण, ठराव मंजूर.

त्या शाळेला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी असे रजिस्टर भरलेले आहे. मला खुपते ते नंतर केंद्राच्या बैठकीत हमखास ऐकू येणारे वाक्य: "इथले पालक उदासीन आहेत."

उदासीन? धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये आपल्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली. मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे एवढीच तिची इच्छा होती. पुढे शाळेला 'अनधिकृत' म्हणून नोटीस आली, तरी गाव मागे हटले नाही. त्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे सर्वांची सहमती होईपर्यंत बसून निर्णय घेण्याची रीत आहे. आणि चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात, तेलंगणाच्या सीमेवर, पालडोहची जिल्हा परिषद शाळा वर्षाचे 365 दिवस भरते. आईबाप पाठीशी नसतील तर दिवाळीच्या दिवशी वर्गात मूल येईल का?

इथल्या पालकांना सभा नवी नाही, सभा त्यांच्या हाडीमाशी आहे. आपण ती चुकीच्या दिवशी, चुकीच्या जागी आणि चुकीच्या भाषेत बोलावतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 ने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले. सभा भर दुपारीच घ्या असे कुठेच म्हटलेले नाही. मोहाच्या दिवसांत बाई पहाटे जंगलात असते, मे महिन्यात तेंदूच्या फळीवर. मिरची तोडायला कुटुंबेच्या कुटुंबे तेलंगणात जातात तेव्हा गावात म्हातारी आणि मुले उरतात. हे सगळे महिने आपल्याला पाठ आहेत. तरीही वार्षिक नियोजनात सभेच्या तारखा आपण कार्यालयाच्या सोयीने टाकतो.

जेवणे उरकल्यावर, रात्री आठला, गोटुलात किंवा समाजमंदिरात सभा घेऊन पाहा. विषय गोंडीत, माडियात मांडायला गावातलीच शिकलेली एखादी पोरगी पुढे येऊ द्या. आपण ऐकायला बसू. मग विषयही बदलतात. कलम 22 चा शाळा विकास आराखडा आपण भिंत, नळ, रंग यांनी भरतो. आईला विचारले तर ती आधी वाघाचे बोलेल: पाड्यावरून येणारी पोरे सकाळी झुडपी वाटेने कोणासोबत येणार? ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलकडे हा प्रश्न दुरुस्तीच्या आधी यायला हवा. पोरांना सोबत करण्याची पाळी कोणी कधी घ्यायची हे गाव एका बैठकीत ठरवू शकते. त्यासाठी निधीची वाट पाहावी लागत नाही.

शाळा पूर्वतयारी अभियानात 2022 पासून माता गट झाले. पाच-सहा आया एकीच्या अंगणात बसून मुलांकडून खडे मोजून घेतात, हे मला या सगळ्या वर्षांतले सर्वांत शहाणपणाचे काम वाटते. तिथे ना खुर्ची लागते, ना रजिस्टर. फक्त व्हॉट्सॲपवर कृती पाठवून मोकळे होऊ नका; भामरागडच्या किती पाड्यांवर रेंज असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. छापील कागद घेऊन कोणीतरी अंगणापर्यंत जायला हवे.

शहरातल्या खासगी शाळांत पालक-शिक्षक संघाचा बराच जोर शुल्कावर जातो. आपल्याकडे प्रश्न शाळा राहण्याचा आहे. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याची हालचाल झाली, तेव्हा छोट्या पाड्यांच्या पोटात गोळा आला. अशा वेळी ग्रामसभेत चर्चा होऊन झालेला ठराव आणि दारोदार गोळा केलेले अंगठे, दोन्ही कागदच. पण पहिल्यामागे गाव उभे राहते.

रोवणी आटोपली की पहिली सभा ठेवा. मोह, तेंदू, मिरची आणि धानकापणीचे दिवस टाळून वर्षाच्या तारखा पालकांकडूनच ठरवून घ्या, आणि त्या ठरावाची प्रत आम्हाला पाठवा. आलेली प्रत्येक प्रत दिवाळीनंतरच्या अंकात तालुक्याच्या नावासह छापू.