अजिंठ्याचे जहाज, आपल्या घरातल्या पाटावर



या सदरात आपण मुलांचा अभ्यास, घरखर्चाचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज असे विषय नेहमी घेतो. या वेळी एका छंदाबद्दल लिहीत आहे. छंद आहे लाकडाचे शिडाचे जहाज घरी तयार करण्याचा. कुणी म्हणेल, वर्ध्याच्या माणसाला जहाजाशी काय करायचे? मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने सुमारे साडेसातशे किलोमीटर लांब. आपल्याकडे पाणी म्हणजे वर्धा नदी, धाम नदी आणि बोरचे धरण. तरीही हे जहाज परके नाही. ते आपल्या ओळखीच्याच ठिकाणी, अजिंठ्याच्या लेण्यात आहे.

अजिंठ्याला आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे सहलीने जाऊन आली आहेत. क्रमांक २ च्या लेण्यात, पाचव्या शतकातील चित्रांमध्ये, एक जहाज रंगवलेले आहे. त्याला तीन डोलकाठ्या आहेत, त्यांवर उंच आणि अरुंद शिडे आहेत. मागच्या बाजूला दिशा वळवण्याची मोठी वल्ही आहेत. जहाजावर रांगेने रांजण ठेवले आहेत. घाईत फिरणाऱ्याच्या नजरेतून हे चित्र सुटते. पुढच्या वेळी जाल तेव्हा मुलांना ते मुद्दाम दाखवा.

हे चित्र पूर्णाच्या कथेतले आहे. पूर्ण हा शूर्पारक नगरीचा, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपाऱ्याचा. त्याची आई दासी होती. बाप गेल्यावर सावत्र भावांनी त्याला वारसाहक्काचा वाटा दिला नाही. मग या पोराने काय केले? बाजारात एक मोळीविक्या चालला होता. त्याच्या मोळीत उंची चंदनाचे लाकूड आहे हे पूर्णाने ओळखले, ते विकत घेतले आणि त्यातून भांडवल उभे केले. पुढे तो समुद्रापार जाणारा व्यापारी झाला आणि अखेर तथागतांच्या संघात भिक्खू झाला. चंदन आणायला गेलेल्या भावाचे जहाज वादळात सापडले तेव्हा त्याला वाचवणाराही तोच. ही झाली कथा. पण सोपारे बंदर खरे आहे. तिथला स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरून काढला आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही तिथे मिळाले आहेत.

आता अलीकडची गोष्ट. अजिंठ्यातले जहाज खरोखर बांधायचे असे सरकारने ठरवले. जुलै २०२३ मध्ये संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. अडचण अशी की जुना आराखडा कुठेच नव्हता. होते ते फक्त भिंतीवरचे चित्र. त्यावरून लांबी, रुंदी, उंची यांचा मेळ बसवून आराखडा करावा लागला. केरळचे कुशल कारागीर बाबू शंकरन आणि त्यांचे साथीदार यांनी फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या. हो, शिवल्या! फळ्या जोडायला लोखंडी खिळे वापरले नाहीत. सांधे नारळाच्या काथ्याने आणि नैसर्गिक राळेने बुजवले. खिळ्यांनी जखडलेली फळी लाटेच्या माराने सांध्यात फुटू शकते, शिवलेली फळी थोडी हलते आणि तग धरते, हे जुन्या दर्यावर्दी लोकांना ठाऊक होते.

हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाले. त्याचे नाव ‘कौंडिण्य’. आपल्याला पंचवर्गीय भिक्खूंमधले कौंडिण्य आठवतील, पण जहाजाचे नाव आग्नेय आशियात गेलेल्या त्याच नावाच्या, कथेतल्या दर्यावर्दीवरून ठेवले आहे. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले आणि शिडांच्या बळावर १४ जानेवारी २०२६ रोजी ओमानमधील मस्कतला पोहोचले.

यात आपल्या विषयाची गोष्ट पुढेच आहे. मोठे जहाज समुद्रावर जाण्याआधी त्याचे लहान मॉडेल तयार करण्यात आले आणि मद्रासच्या आयआयटीत ते पाण्यात तपासण्यात आले. भिंतीवरच्या चित्रापासून समुद्रापर्यंतचा रस्ता एका छोट्या प्रतिकृतीवरून गेला. तेव्हा जहाजाचे मॉडेल म्हणजे शोकेसमध्ये ठेवायची शोभेची वस्तू, असा समज काढून टाकावा.

इथे एका आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे. आपल्या वस्तीत मुलाच्या हातात करवत दिली की वडीलधारी माणसे म्हणतात, “पोट्ट्याले सुतारकीच शिकवाची होती, तं शाळेत कायले टाकलं?” या बोलण्यामागे दुखणे आहे, त्याला हसू नये. याच वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना पुढे आली. ज्यांच्या कित्येक पिढ्या जन्मामुळे हाताच्या कामाला जुंपल्या गेल्या, त्यांनी विचारावे की आमच्या मुलांना शाळेतही पुन्हा तेच का? हा प्रश्न रास्तच आहे. आम्हाला पुस्तक हवे होते आणि पुस्तकासाठीच आमच्या आई-बापांनी पोटाला चिमटा घेतला.

पण बाबासाहेबांचा विरोध जन्मावरून धंदा ठरवण्याला होता. हाताने काम करण्याला त्यांनी कधी हलके मानले नाही. जातीने लादलेले काम आणि स्वतः निवडलेले काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. छंद माणूस आपण होऊन निवडतो, मन भरले की बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याचा मालक तोच असतो. श्रीमंतांच्या घरी हाच छंद परदेशातून आणलेल्या, हजारो रुपये किमतीच्या तयार संचांवर चालतो. तिथे त्याला कुणी सुतारकी म्हणत नाही. मग आपल्या मुलानेच का लाजावे? शिवाय या कामात वही आणि पटाशी दोन्ही एकाच वेळी लागतात. तो फायदा कसा, ते आता कृतीतच पाहू.

सुरुवात प्रमाणापासून करा. ‘कौंडिण्य’ सुमारे साडेएकोणीस मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद आहे. पन्नासास एक हे प्रमाण धरले तर आपले जहाज ३९ सेंटिमीटर लांब आणि १३ सेंटिमीटर रुंद होईल. १६५ सेंटिमीटर उंचीचा खलाशी ३.३ सेंटिमीटरचा. पाच सेंटिमीटर जाडीचा दोरखंड एक मिलिमीटरच्या दोऱ्याचा. सहावी-सातवीच्या मुलाला गुणोत्तर-प्रमाणाचा धडा पाठ करूनही डोक्यात बसत नसेल, तर ही आकडेमोड त्याच्याकडून करून घ्या. डोलकाठ्यांची उंची अजिंठ्याच्या चित्रातील जहाजाच्या लांबीशी ताडून काढा. तेही गणितच आहे.

साहित्य साधे आहे. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे तुकडे फर्निचरच्या दुकानात उरलेले मिळतात. बांबूच्या कामट्या, फेव्हिकॉल, पॉलिश पेपर, बारीक दातांची करवत, कपड्याला लावायचे चिमटे आणि सुई-दोरा, एवढ्यावर काम भागते. करवत-चाकू चालवताना मोठ्या माणसाने जवळ बसावे.

आधी प्लायवूडमधून तळाचा लांब कणा कापावा. कोकणात त्याला पठाण म्हणतात. त्यावर माशाच्या काट्यासारखे आठ-नऊ आडवे साचे खाचांमध्ये बसवावेत. मधले रुंद, दोन्ही टोकांकडचे अरुंद. साचे कण्याशी काटकोनात आहेत ना, हे गुण्याने तपासावे. मग कामट्यांच्या एक मिलिमीटर जाड, पाच-सहा मिलिमीटर रुंद पट्ट्या तासून अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात आणि हळूहळू वाकवून साच्यांवर चिकटवाव्यात. एक पट्टी डावीकडे लावली की पुढची उजवीकडे. एकच बाजू पूर्ण करत गेलात तर सुकताना कणा पिळतो आणि जहाज कायमचे वाकडे होते. शिवलेल्या जहाजाचे रूप हवे असेल तर पट्ट्यांच्या कडांना बारीक भोके पाडून तपकिरी दोऱ्याने टाके घालावेत. इथे घरातल्या शिवणकाम येणाऱ्या आईला किंवा ताईला गुरू करा. टाका कुठे सैल पडला हे तिला लगेच दिसेल.

शिडांना जाड मांजरपाट घ्यावे. आपला जिल्हाच कापसाचा, तेव्हा कापडाची वाण नाही. चहाच्या कोऱ्या पाण्यात बुडवून वाळवले की जुन्या शिडाचा रंग येतो. कडांना दुमड घालून शिवावे.

आता दोर लावण्याचे काम. या छंदात माणसाची खरी परीक्षा इथेच होते. जहाजावर दोर दोन प्रकारचे असतात. काही डोलकाठीला पुढून, मागून आणि बाजूंनी ताणून उभी धरतात, ते जागचे हलत नाहीत. दुसरे शीड वर-खाली करतात, आडवी काठी वाऱ्याप्रमाणे फिरवतात. उभे धरणारे दोर आधी बांधावेत, त्यांना जाड आणि गडद दोरा घ्यावा. हलते दोर नंतर, बारीक आणि फिक्या दोऱ्याचे. बांधण्यापूर्वी दोरा मेणावरून दोनदा ओढून घ्यावा, म्हणजे त्याची लव बसते. दोऱ्याच्या टोकाला फेव्हिकॉल लावून सुकवले की ते सुईसारखे कडक होते आणि बारीक भोकातून सहज जाते.

मधले दोर प्रथम, कडेचे शेवटी. उलट केले तर आत बोटच जात नाही. डावा दोर जितका ताणाल तितकाच उजवा ताणा आणि दर वेळी समोरून पाहून डोलकाठी सरळ आहे याची खात्री करा. एक दोर जास्त ओढला तर काठी झुकते, मग दुसऱ्या बाजूचा दोर सैल पडतो, आणि तो ओढावा तर तिसरा बिघडतो. म्हणून गाठींवर लगेच फेव्हिकॉल लावू नका, टोकेही कापू नका. सगळे दोर बसले, डोलकाठी सरळ उभी राहिली, मगच गाठी पक्क्या करा. मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपण ओढलेल्या एका दोराचा भार दुसऱ्या कोणत्या दोरावर पडला, हे ते पोर स्वतःच्या डोळ्यांनी पाहते आणि हळूच हात सैल करते.

रोज तासभर काम धरले तरी दोन-तीन महिने लागतील. कुठलीही परीक्षा नाही, म्हणून घाई नको. दोन-तीन घरांतील मुलांनी मिळून एक जहाज घेतले तर खर्च वाटला जाईल आणि कंटाळाही येणार नाही. विहाराच्या वाचनालयात एखादे टेबल रिकामे असेल तर काम तिथेच मांडा, म्हणजे ज्याच्या घरात जागा नाही त्याचीही सोय होईल.

जहाज पूर्ण झाले की खाली एक चिठ्ठी लावा. तिच्यावर प्रमाण, तयार करणाऱ्या सगळ्यांची नावे आणि तारीख लिहा. अजिंठ्यातले ते जहाज कुणी रंगवले, त्याचे नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. आपल्या मुलांची नावे मात्र त्यांच्या कामावर राहू द्या.