वरच्या गटातले खाशाबा

खाशाबा जाधवांची गोष्ट मराठी घरांत बहुतेकांना ठाऊक असते. कराडजवळचं गोळेश्वर गाव, घरातच असलेलं कुस्तीचं वातावरण, कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, खाशाबांच्या प्रवासाला पैसे हवेत म्हणून स्वतःचं घर गहाण टाकणारे प्राचार्य खर्डेकर, आणि मग १९५२ साली हेलसिंकीत मिळालेलं कांस्यपदक. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळवलेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

या गोष्टीतला एक तपशील मात्र सहसा सांगायचा राहून जातो. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा ५२ किलोच्या गटात खेळले आणि सहावे आले. हेलसिंकीत पदक जिंकलं ते ५७ किलोच्या गटात. म्हणजे चार वर्षांत ते वरच्या वजनात गेले आणि तिथे जास्त मोठी मजल मारली. पाच किलो म्हणजे काय मोठं, असं तुम्हा-आम्हाला वाटेल. दिवाळीच्या फराळात आपण दोन किलो सहज वाढवतो! पण ५२ किलोच्या माणसाला पाच किलो म्हणजे जवळपास दहा टक्के. ऐंशी किलोच्या माणसाने आठ किलोने जड असलेल्या गड्याशी झुंजावं, तसा हा हिशेब.

सध्या बॉक्सिंगमध्ये या विषयावर फार वाद चालतात. अमुक बॉक्सरने तीन गटांत जगज्जेतेपद मिळवलं, तमुकने पाच गटांत. मग मोठा कोण? नुसते गट मोजून याचं उत्तर मिळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्वी व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये आठच गट होते. आता सतराच्या आसपास आहेत, आणि प्रत्येक गटात चार वेगवेगळ्या संघटनांचे चार पट्टे. खालच्या गटांमधलं अंतर तर अगदीच थोडं. ११२ पौंड, मग ११५, मग ११८. दोन गट ओलांडले तरी वाढ तीन किलोचीही होत नाही. वर मात्र १७५ पौंडांनंतर पुढचा मोठा गट थेट २०० पौंडांचा, म्हणजे एकाच पायरीला अकरा किलोंहून अधिक. दोन्हीकडे ‘वरच्या गटात गेला’ असंच म्हणतात.

अमेरिकेच्या हेन्री आर्मस्ट्राँगने १९३७-३८ मध्ये १२६, १४७ आणि १३५ पौंडांची जगज्जेतेपदं मिळवली आणि तिन्ही एकाच वेळी स्वतःकडे ठेवली. तेव्हा गट आठच होते, आणि आजच्यासारखी पट्ट्यांची खैरात नव्हती. त्या तीन पदांना आजच्या पाच-सहा पट्ट्यांच्या वर ठेवायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओचा आठ गटांचा विक्रम सगळ्यांना पाठ असतो. तो थोरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बारकाईने पाहिलं तर त्यातली प्रत्येक लढत सारख्या मोलाची नाही. २००८ मध्ये त्याने ऑस्कर डी ला होयाला १४७ पौंडांच्या गटात हरवलं, तेव्हा ऑस्कर वरच्या गटातून वजन उतरवून खाली आला होता आणि आठ फेऱ्यांनंतर स्टुलावरून उठलाच नाही. मार्गारितोविरुद्धची २०१०ची लढत १५४ पौंडांच्या किताबासाठी होती, पण करारात वजनाची मर्यादा १५० ठरली होती. वजनकाट्यावर पॅकियाओ साडेचौदा दशकांच्या, म्हणजे १४५ पौंडांच्या, आतच भरला. हे कळल्यावर एखाद्याला तो किताब थोडा हलका वाटेल. मला उलटं वाटतं. समोरचा इतका जड असूनही त्याने बारा फेऱ्या ठोसे मारले, हेच तर मोठं.

आणखी एक गोष्ट टीव्हीवर दिसत नाही. व्यावसायिक लढतीत वजन साधारण आदल्या दिवशी होतं. घाम गाळून, पाणी तोडून काट्यावर बसणारा आकडा आणायचा, आणि मग रात्रभरात खाऊन-पिऊन कित्येक किलो परत चढवायचे. त्यामुळे रिंगणात उतरतो तो माणूस आणि काट्यावर उभा राहिला तो माणूस, यांची वजनं वेगळी असतात. ऑलिंपिकच्या बॉक्सिंगमध्ये मात्र ज्या दिवशी लढत त्याच दिवशी सकाळी वजन. तिथे ही चलाखी फारशी चालत नाही. म्हणून तिथली तीन किलोंची वाढ खरोखर तीन किलोंची असते.

याचं आपल्या घरचं उदाहरण मेरी कोम. २०१० पर्यंत तिच्या नावावर पाच जगज्जेतेपदं होती, ४५, ४६ आणि ४८ किलो गटांतली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं आणि गट ठेवले फक्त तीन: ५१, ६० आणि ७५ किलो. तिचा गटच नव्हता. घरी बसायचं किंवा ५१ मध्ये जायचं, एवढेच दोन पर्याय. उंची पाच फूट दोन इंच, आणि समोर उंच, लांब हातांच्या मुली. लांब हात म्हणजे तुम्ही जवळ पोचण्याआधीच ठोसा खाता. तो टाळायचा तर पाय अधिक चपळ हवेत, आणि वाढवलेलं वजन पायांना जड करू नये म्हणून ते स्नायूंचंच हवं. सांगायला दोन ओळी, करायला दोन वर्षं.

लंडनमध्ये तिची पहिली लढत पोलंडच्या कॅरोलिना मिखालचुकशी होती. ती ५४ किलो गटातली माजी जगज्जेती, म्हणजे वरून खाली आलेली. खालून वर गेलेल्या मेरीने तिला १९-१४ असं हरवलं. तारीख ५ ऑगस्ट, मेरीच्या जुळ्या मुलांचा पाचवा वाढदिवस. उपांत्य फेरीत ती इंग्लंडच्या निकोला ॲडम्सकडून ११-६ अशी हरली आणि निकोलाने पुढे सुवर्ण जिंकलं. आपण म्हणतो, मेरीला ‘फक्त’ कांस्य मिळालं. मी मात्र त्या कांस्याला तिच्या आधीच्या पाचही सुवर्णांच्या वर ठेवते. आणि ते नशिबाने मिळालेलं नव्हतं, कारण २०१४ मध्ये इंचिऑनच्या आशियाई खेळांत त्याच ५१ किलो गटात तिने सुवर्ण जिंकलं. वरच्या गटात एकदा जिंकणं आणि तिथे टिकणं यात फरक आहे. मेक्सिकोचा कानेलो १७५ पौंडांत गेला, २०१९ मध्ये कोवालेव्हला हरवून पट्टा घेऊन आला. २०२२ मध्ये पुन्हा त्याच गटात गेला तेव्हा बिव्होलने त्याला गुणांवर स्वच्छ हरवलं. कोवालेव्ह तेव्हा उतरणीला लागला होता, बिव्होल भरात होता. म्हणून कुणाला हरवलं, आणि ते कोणत्या वयात, हे विचारल्याशिवाय कुणाच्या पट्ट्याला टाळ्या वाजवू नयेत.

हाच निकष खाशाबांना लावून बघू. हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. ते हरले दोघांकडून: जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव्ह. इशीला सुवर्ण मिळालं, मामेदबेकोव्हला रौप्य. म्हणजे त्या गटात खाशाबांना भारी पडले ते फक्त पहिले दोघे. हिशेब चोख ठेवायचा तर हेही सांगायला हवं की सगळं श्रेय वजनाला देता येणार नाही. लंडनला ते बावीस वर्षांचे होते आणि मातीतून थेट मॅटवर आले होते. हेलसिंकीत सव्वीस वर्षांचे होते, शरीर भरलेलं, मॅटची सवय झालेली. अंग नैसर्गिकरीत्या वाढलं आणि ते त्या वाढीच्या मागे गेले. शरीराला जुन्याच आकड्यात कोंबून बसले नाहीत.

कोंबून बसण्याची किंमत आपण अलीकडेच पाहिली. विनेश फोगाट टोकियोत ५३ किलोंत खेळली होती. पॅरिसला ५० किलोंत उतरली, अंतिम फेरीत पोचली, आणि ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरली. शंभर ग्रॅम, म्हणजे अर्धी वाटी पाणी. पदक गेलं. दाद मागूनही मिळालं नाही.

हे सगळं मी खेळाच्या बातम्या म्हणून सांगत नाहीये. आपल्या बंगळुरूत कितीतरी जिममध्ये आता बॉक्सिंगच्या पिशव्या टांगलेल्या असतात. बेळगाव-कोल्हापूरकडे तालमी आहेतच. तिथे जाणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या घरी हे वाक्य कधी ना कधी येतं: ‘दोन किलो उतरवा, खालच्या गटात पदक नक्की.’ स्पर्धेआधी तीन दिवस पोरगं भाकरी सोडतं, स्वेटर घालून उन्हात पळतं, पाण्याची बाटली लपवतं, आणि आईला ‘भूक नाही’ म्हणून सांगतं. वाढीच्या वयात असं वारंवार करणं धोक्याचं आहे. उंची वाढत असलेल्या मुलाला वरच्या गटात जाऊन पहिल्या फेरीत हरू द्यावं, एक वर्ष, लागलंच तर दोन. पदकाचा फोटो थांबेल. अंग थांबणार नाही. प्रशिक्षकाशी बोलताना एवढंच विचारा: ‘सर, याचं नेहमीचं, जेवूनखाऊन असलेलं वजन कोणत्या गटात बसतं?’ चांगला प्रशिक्षक या प्रश्नाने रागावत नाही.

आता पुन्हा खाशाबांकडे. दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात त्यांच्या नावाचं सभागृह आहे. २०१८ मध्ये मेरी कोमने सहावं जगज्जेतेपद याच सभागृहात मिळवलं, पुन्हा ४८ किलोंत येऊन. आसामच्या लवलिना बोर्गोहेनने टोकियोत ६९ किलो गटात कांस्य जिंकलं होतं. पॅरिससाठी तो गटच काढून टाकला. ६६ ला उतरायचं की ७५ ला चढायचं, हे तिला ठरवायचं होतं. ती चढली. मार्च २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केटलिन पार्करला हरवून ७५ किलोंची जगज्जेती झाली, तीही दिल्लीतच.