अंगणवाडीची तयारी अंगणातच!

मैत्रिणींनो, जून जवळ आला की घरोघरी एकच काळजी. "आमचं तीन वर्षांचं पोर अंगणवाडीत रमेल का हो?" शिरूर तालुक्यातल्या निमोण्यासारख्या गावात ही काळजी नुसती कौतुकाची नसते. पोरानं दारातच भोकाड पसरलं, की आईची खुरपणीला जायची वेळ टळते, मजुरीचा खाडा पडतो. नाहीतर धाकट्याला सांभाळायला थोरलीची शाळा बुडते!

म्हणून तयारी महिनाभर आधीच सुरू करावी. पण पाटी-पेन्सिल आणून 'अ आ इ' गिरवून घेणं म्हणजे तयारी नव्हे, बरं का! या वयात बोटं पेन्सिल धरायला पुरती तयार नसतात. ती तयार होतात खेळातून.

खेळणी विकत आणायलाच हवीत असंही नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. महागडी साधनं परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, पानं, खडे हीच त्यांची साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. तुमच्या अंगणात तर सगळं आहेच!

बोटांसाठी : पोळ्या करताना कणकेचा छोटा गोळा हाती द्या. कोथिंबीर खुडू द्या, शेंगा सोलू द्या. चिंचोके एका वाटीत, शेंगांची टरफलं दुसऱ्या वाटीत, असं वेगळं करायला सांगा. मात्र बिया नाका-तोंडात जातात, तेव्हा तुम्ही शेजारी असाल तेव्हाच हं!

कानांसाठी : 'चिमणी उडाली, कावळा उडाला, म्हैस उडाली!' म्हशीला हात वर गेला की हशा. हसता हसता मूल नीट ऐकायला आणि हात आवरायला शिकतं.

पाळीसाठी : दोघा-तिघांना बसवून चेंडू गडगडत द्या. 'आता तुझी पाळी, मग तिची.' घरात एकटं वाढणाऱ्या मुलाला हे फार अवघड जातं.

आईवाचून राहण्यासाठी : आधी लपाछपी खेळा. दिसेनाशी झालेली आई परत येते, हे मुलाला त्यातूनच उमगतं. मग शेजारच्या काकूंकडे थोडा वेळ ठेवा. 'पाणी भरून येते' असं सांगून जा आणि सांगितल्याप्रमाणे परत या. डोळा चुकवून निसटू नका. एकदा फसलेलं मूल पुढे पदर सोडत नाही!

शाळा-शाळा : लेकीला बाई होऊ द्या, तुम्ही विद्यार्थिनी व्हा. बाहुलीचा डबा उघडणं, हात धुणं, चड्डी वर-खाली करणं, 'शू आली' म्हणून सांगणं, स्वतःचं नाव सांगणं, सगळं यात येतं. पहिले काही महिने बटणांऐवजी इलॅस्टिकची चड्डी घाला, म्हणजे ऐनवेळी फजिती नको.

आणि एक पथ्य पाळा. 'थांब, बाईंनाच सांगते, त्या मारतील!' हा धाक घरात कुणीही घालू नये. आजोबांनाही बजावून ठेवा. महिनाभराच्या खेळावर एका वाक्यानं पाणी पडतं.

इतकं करूनही पहिले काही दिवस मूल रडेल. घाबरू नका. निरोप थोडक्यात घ्या, सेविकाताईंच्या हाती द्या आणि निघा. दाराआड रेंगाळू नका. मात्र तीन वर्षांचं मूल हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, तर 'होईल हळूहळू' म्हणत बसू नका. सेविकाताईंना सांगा, डॉक्टरांना दाखवा. लवकर कळलं तर उपायही लवकर सुरू होतो.

तेव्हा आज पोळ्या करताना एक गोळा बाजूला काढून ठेवा. तयारीला सुरुवात झालीच म्हणून समजा!