नशिबाचा नव्हे, खिशाचा प्रश्न



लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही, की गाव बाईला वांझ ठरवते. आमचा सवाल आहे, यात शरीराचा दोष किती आणि दारिद्र्याचा किती?

६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती मुंबईच्या केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यात. ही विद्या पुढे बहुतांशी खासगी दवाखान्यांची झाली. आज एका खेपेला दीड लाखाच्या आसपास खर्च येतो. २०२४-२५ चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,१२१ रुपये. म्हणजे २१ क्विंटल कापूस! कोरडवाहू चार-पाच एकरांचे सारे पीक, तेही बियाणे, खत, मजुरी वजा न करता.

पहिल्या खेपेला बहुतेकांना यश येत नाही. पैसेवाला दुसरी, तिसरी खेप करतो. आमची बहीण कर्ज काढून एकदाच जाते, तीही उमेदीची वर्षे बुवाबाजीत गेल्यावर. पस्तिशीनंतर यशाची शक्यता झपाट्याने घटते. गर्भाशयाच्या क्षयावर वेळेत इलाज झाला नाही की गर्भनलिका बंद पडतात. मग डॉक्टर विचारतात, ‘इतका उशीर का केला?’

२०२१ च्या कायद्याने केंद्रांची नोंदणी आणली, वयाच्या अटी घातल्या. गरिबाला उपचार परवडावेत कसे, याची सोय केली नाही. आयुष्मान भारत योजनेतून हे उपचार वगळलेले आहेत. नसबंदीची शिबिरे तालुक्या-तालुक्याला भरवणाऱ्या सरकारजवळ गरिबाचे मूल थांबवायला पैसा होता. होऊ द्यायला नाही! गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात २०२३ पासून हे उपचार मोफत आहेत. मग इथे का जमत नाही?

आता घरचा हिशेब. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही दोष असतो. त्याची तपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त. तरी ती न करताच सवत आणली जाते. नावावर गुंठाभर जमीन नसलेली बाई जाणार कुठे? लक्ष्मीमुक्ती आम्ही मांडली ती याचसाठी.

जिल्हा बैठकीत तीन ठराव करा: जिल्हा रुग्णालयात मोफत तपासणी आणि उपचार, तपासणी नवरा-बायको दोघांची, आधी पुरुषाची, आणि मूल असो वा नसो, जमीन बाईच्या नावावर. शेतीमालाला रास्त भाव मिळाला तर भीक मागायची वेळ येणार नाही. तोवर हा हक्क मागू, आणि मिळवू.