बालमहोत्सव कोणाचा?

गेल्या हिवाळ्यात दिल्लीतील मराठी मंडळींच्या एका बालकलामहोत्सवास आम्ही सहकुटुंब गेलो होतो. निमंत्रणपत्रिकेवर वेळ चारची होती. पाहुण्यांची मोटार साडेपाचास आली. तोवर कोळणींच्या वेषातील चिमुकल्या मुली पौषाच्या थंडीत कुडकुडत होत्या, आणि एका बालशिवाजीची दाढी रडण्याने सुटू लागली होती. पुढे सत्कार, शाली, नारळ, भाषणे. मुले पुरती थकल्यावर मुलांचा महोत्सव सुरू झाला!

परंतु आमची मुख्य तक्रार चालकांविरुद्ध नाही. त्यांनी पदरमोड करून सभागृह मिळविले होते. तक्रार आहे ती आम्हां पालकांविरुद्ध. आपल्या अपत्याची पाळी आली की पालक मोबाइल उंचावून उभे राहत, मागच्यांना रंगमंच दिसेनासा होई. आणि ती पाळी संपताच ते कुटुंब मुलाला कोट चढवून घरची वाट धरी. शेवटी सर्वांत लहान मुलांनी चिऊकाऊची गोष्ट करून दाखविली, तेव्हा समोर पंधरावीस माणसे उरली होती. ‘आई, सगळे कुठे गेले?’ असे कावळा झालेल्या मुलाने रंगमंचावरूनच विचारले. आम्हीही उठण्याच्या बेतात होतो, हे कबूल केले पाहिजे.

कोणी म्हणतील, स्पर्धेवाचून मुले कष्ट घेत नाहीत. व्यंगचित्रकार शंकर यांनी याच दिल्लीत १९४९ साली मुलांसाठी सुरू केली ती चित्रस्पर्धाच नव्हती काय? होती. पण चित्र काढताना कुंचला मुलाच्याच हाती असतो. आमच्या महोत्सवात नाच शिक्षकाचा, गाणे ध्वनिमुद्रित, हौस आईची आणि बक्षिसाची चिंता वडिलांची. मुलाच्या वाट्याला काय, तर दुखरे पाय!

मूल कलावंत होण्यापूर्वी प्रेक्षक असते, याचा आम्हांला विसर पडला आहे. सुधा करमरकरांनी मुंबईत १९५९ साली ‘लिटल थिएटर’ उभारले, ते मुलांना चांगले नाटक पाहावयास मिळावे म्हणून. दिल्लीतील राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ साली मुलांसाठी स्वतंत्र नाट्यमंडळी स्थापिली. तिच्यात शिकलेसवरलेले नट मुलांपुढे मन लावून अभिनय करतात. मग आम्ही प्रौढांनी केवळ टाळ्या वाजवून मोकळे का व्हावे?

महाराष्ट्राबाहेर हा प्रश्न अधिकच गंभीर आहे. आमची मुले शाळेत हिंदी-इंग्रजी बोलतात, घरी मोडकी मराठी. एखादी मराठी गोष्ट इतर मुलांच्या मांडीला मांडी लावून ऐकण्याची आणि सर्वांनी एकदम हसण्याची संधी त्यांना वर्षातून एकदा मिळते. तीही आपले गाणे झाले की उठून जाण्यात आम्ही दवडतो. भाषा नुसत्या बोलण्याने टिकत नाही. तिला ऐकणारा लागतो. दुसऱ्याचे मराठी ऐकावयास न थांबणारे मूल उद्या मराठी बोलेल तरी कोणाशी?

म्हणून आमची मागणी साधी आहे. बक्षिसे बंद करावी. सर्वांत लहानांचा कार्यक्रम सर्वांत आधी, ठरल्या वेळी, पाहुण्यांची वाट न पाहता व्हावा. मोठ्यांनी मुलांसाठी एक तरी संपूर्ण नाटक बसवावे. आणि शेवटचा पडदा पडेपर्यंत एकाही कुटुंबाने जागा सोडू नये. हे जमणार नसेल, तर पत्रिकेवरील ‘बाल’ हा शब्द तरी प्रामाणिकपणे खोडून टाकावा.