महागडा मदरबोर्ड घ्यावा का?

मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला गेली की घरात डेस्कटॉपचा विषय निघतो. प्रोसेसर आणि रॅमची चौकशी आपण करतो, मदरबोर्ड मात्र दुकानदारावर सोडतो. म्हणून पालक विचारतात तेव्हा आम्ही आधी मदरबोर्डच समजावून सांगतो, कारण बाकीचे सगळे भाग त्यावरच बसतात.

महागड्या बोर्डात जास्त काय मिळते? एक, प्रोसेसरला वीज देणारा भाग, म्हणजे व्हीआरएम, दणकट असतो. १२ व्होल्ट उतरवून तो प्रोसेसरला साधारण एक-सव्वा व्होल्ट देतो. तासन्‌तास व्हिडिओ एडिटिंग चालले, तरी मोठा प्रोसेसर त्यामुळे मंदावत नाही. दोन, एसएसडीसाठी एम.२ च्या चार-पाच जागा आणि पीसीआय एक्स्प्रेस ५.० चा वेगवान स्लॉट. तीन, वायफाय आणि जलद यूएसबी.

आता कागदावर मांडा. अभ्यास, कोडिंग आणि प्रोजेक्टला एक-दोन एसएसडी आणि मध्यम प्रोसेसर पुरतो. मग बोर्डही मध्यम चालेल. उरलेले पैसे जास्त रॅम आणि चांगल्या एसएमपीएसला लावा.

सॉकेट मात्र तपासाच. एएमडीच्या २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर फक्त डीडीआर५ रॅम चालते, घरातली जुनी डीडीआर४ बसणार नाही. इंटेलच्या एलजीए १७०० चे काही बोर्ड डीडीआर४ चे, तर काही डीडीआर५ चे असतात. पुढे प्रोसेसर बदलायचा झाला, तरी त्याच सॉकेटचा लागेल.

बिलावर बोर्डाचे पूर्ण मॉडेल लिहून घ्या. नुसते ‘मदरबोर्ड’ लिहिलेले बिल घेऊ नका.